मातृशिक्षणाचा दुसरा इतिहास

लहान मुलांच्या आयांना शिकवण्याचा इतिहास आपल्याकडे एकाच वाटेने सांगितला जातो. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक, १९२६ सालचा नूतन बालशिक्षण संघ, मग बोर्डी आणि कोसबाड. बाईंचे मोठेपण मला कमी करायचे नाही. उलट त्यांच्याच कामातली एक गोष्ट पुढे विसरली गेली, अशी माझी तक्रार आहे. १९४५ साली बोर्डीला बालवाडी निघाली, तेव्हा हरिजनवाड्यातली (शब्द त्या काळचा, आपल्याला तो मान्य नाही) मुले तिथे येईनात. बाईंनी बालवाडीच वाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी'चे मूळ तिथे आहे. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड कडेवर घेणाऱ्या पोरीला शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आली. पोर शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांना आईच्या अज्ञानात सापडले नाही. तिच्या मजुरीत सापडले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सरकारने अंगणवाडी हा शब्द घेतला. माझी आई अशाच एका अंगणवाडीतल्या माता मेळाव्याला गेली होती. पाणी उकळून द्या, नखे कापा, मुलाला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे भरवा, असे तिथे सांगितले. सगळे बरोबरच होते. आई घरी येऊन म्हणाली, "बाई बोलल्या ते खरं हाय. पर पाच येळा चारायला घरी कोन असतं?" त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली, ती वेगळीच.

याच उपदेशाची दुसरी एक परंपरा आपल्या चळवळीत आहे. बालशिक्षणाच्या पुस्तकांत ती कोणी नोंदवत नाही. २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. स्वच्छ राहा, मेलेल्या जनावराचे मांस घरात आणू नका, मुलींनाही शाळेत घाला, दारू पिऊन आलेल्या मुलाला जेवू घालू नका. लुगडे कसे नेसावे, हेही सांगितले. माझ्या काही मैत्रिणींना यात पांढरपेशांचे अनुकरण दिसते. मला तसे वाटत नाही. जे नेसणे जातीची खूण म्हणून अंगावर लादलेले होते, ते टाकायला सांगणे निराळे. आणि स्वच्छतेचा हा उपदेश कुठे झाला ते पाहा. त्याच वर्षी २० मार्चला ज्या गावात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्या गावात. आधी पाण्याचा हक्क मागितला, मग पोराला आंघोळ घाला म्हटले. माता मेळाव्यात हा क्रम मला कधी दिसला नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब पुन्हा आयांशीच बोलले: मुलांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका. म्हणजे उपदेश होताच, पण त्याच्या पाठीमागे पाणी होते, रजा होती.

मात्र १९२९ चा कायदा कारखान्यातल्या बाईपुरता होता. खुरपणीला जाणारी बाई त्याच्या बाहेर राहिली. १९६१ चा प्रसूती लाभ कायदाही तिच्या बांधापर्यंत पोचला नाही. मी जन्मलो त्यानंतर बाराव्या दिवशी आई शेतात गेली होती. खुरपणी कापसाची होती की ज्वारीची, एवढे तिला आता आठवत नाही.