पॅरिसच्या रहस्यांचे वाचक

जून १८४२ मध्ये पॅरिसच्या 'जुर्नाल दे देबा' या दैनिकात युजेन स्यूची 'पॅरिसची रहस्ये' ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. वेष पालटून गल्लीबोळांत फिरणारा, गरिबांना हात देणारा राजपुत्र रोदोल्फ पाहून आम्हाला अलिफ लैलातला खलिफा हारून रशीद आठवतो.

पण त्याहून नवल वाचकांच्या पत्रांचे. त्यांतली सुमारे चारशे आजही शिल्लक आहेत. कुणी आपली गरिबी मांडतो, कुणी सुधारणा सुचवतो, कुणी सरळ मदत मागतो. जणू स्यू म्हणजेच रोदोल्फ! मार्क्सने १८४५ साली या दयाळू राजपुत्राची यथेच्छ खिल्ली उडवली. ती रास्तच होती. मात्र भाकरीसाठी कादंबरीकाराला पत्र लिहिणाऱ्यापुढे दुसरे कोणते दार उघडे होते? १८५० मध्ये पॅरिसच्या मतदारांनी स्यूला विधिमंडळात पाठवले.