श्रीखंड्यांचा आलेख: सोळा बिंदूंचा तोतया

बुद्धिबळाच्या पटाचा चार बाय चार घरांचा तुकडा घ्यावा. सोळा घरे म्हणजे सोळा बिंदू; ज्या दोन घरांत हत्ती एका चालीत ये-जा करू शकतो, ते बिंदू रेषेने जोडावेत. बिंदू-रेषांच्या अशा जाळ्याला गणितात आलेख म्हणतात. येथे प्रत्येक बिंदूला सहा शेजारी लाभतात आणि कोणत्याही दोन बिंदूंचे, ते जोडलेले असोत वा नसोत, सामाईक शेजारी बरोबर दोन असतात. एवढ्या आकड्यांवरून आलेख पुरता ओळखता येईल का?

उत्तर दिले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी. जन्म १९१७, सागर, शिक्षण नागपुरात. सागर, नागपूर आणि आजच्या गोंदिया जिल्ह्याचा मुलूख तेव्हा एकाच मध्य प्रांतात होता. १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचे १७८२ चे भाकीत खोटे ठरवले. त्या गाजावाजात त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा निबंध सर्वसामान्यांच्या नजरेआड राहिला. त्यात त्यांनी सिद्ध केले की पटाची बाजू चार सोडून कितीही असो, आकडे आलेखाला अचूक ओळखतात. चारच्या पटाला मात्र नेमका एक तोतया आहे. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे तोही जवळून पाहिल्यावरच उघडा पडतो: हत्तीच्या आलेखात एका बिंदूचे सहा शेजारी दोन सुटे त्रिकोण करतात, श्रीखंड्यांच्या आलेखात षटकोन.

आता ली बीजगणितांकडे वळावे. नॉर्वेच्या सोफस ली यांच्या नावाची ही बीजगणिते अखंड सममितीचा अभ्यास करतात. प्रत्येक सरल ली बीजगणितामागे ‘मूळ’ नावाच्या बाणांचा एक संच असतो. त्यांतील निवडक पायाभूत बाणांना बिंदू मानून, त्यांच्यातील कोनांनुसार रेषा जोडल्या की डिंकिन यांची आकृती तयार होते. उपबीजगणिते शोधण्यासही हीच आकृती उपयोगी पडते. ‘ई-७’ या १३३ मितींच्या बीजगणिताची आकृती सात बिंदूंची. तिला ठरावीक जागी आठवा बिंदू जोडला की सात बिंदूंची साखळी आणि तिच्या मध्यबिंदूला लोंबणारा एक बिंदू, असे रूप येते. लोंबणारा बिंदू खोडावा. उरलेली साखळी म्हणजे ‘ए-७’, ई-७ च्या पोटातील ६३ मितींचे उपबीजगणित. बोरेल आणि द सीबेन्थाल यांनी १९४९ साली मांडलेली ही युक्ती डिंकिन यांनी १९५२ मध्ये उपबीजगणितांच्या मोठ्या वर्गीकरणात वापरली.

१९७६ मध्ये कॅमेरॉन, गोथाल्स, सायडेल आणि शल्ट यांनी दोन्ही वाटा जोडल्या. विशिष्ट आलेखांत प्रत्येक बिंदूच्या जागी एक ‘मूळ’ बाण ठेवता येतो: जोडलेल्या बिंदूंचे बाण ६० अंशांत, न जोडलेल्यांचे ९० अंशांत. वरील दोन्ही आलेखांचे सोळा बाण सात मितींतच मावतात. हत्तीच्या आलेखाला ए-७ ची ५६ मुळे पुरतात. तोतया तेथे बसत नाही. त्याला ई-७ च्या १२६ मुळांचे घर लागते.

श्रीखंड्यांचा निबंध मात्र संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला होता आणि त्याचा विषय प्रयोगांच्या आखणीतून निघाला होता.