अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याचे कल्याण

नाशिक जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा विषय निघाला की तो शरणपूरच्या मिशनपासून सुरू होतो आणि रेव्हरंड टिळकांपाशी येऊन थांबतो. फार मागे जायचे तर वसईचे पोर्तुगीज. पिंपळगाव बसवंतला आम्हा वाचनवेड्यांच्या गप्पांतही मी हेच ऐकत आलो. पण या मुलखातल्या ख्रिस्ती वस्तीचा एक उल्लेख पोर्तुगिजांच्याही सुमारे हजार वर्षे आधीचा आहे आणि तो अलेक्झांड्रियाच्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने केला आहे.

इ.स.पू. ३३१ मध्ये सिकंदराने इजिप्तच्या किनाऱ्यावर वसवलेले हे शहर. क्लेमेंट आणि ओरिगेन हे आरंभकाळातले मोठे ख्रिस्ती आचार्य तिथलेच. तांबड्या समुद्रातून भारताशी चालणाऱ्या व्यापाराची मोठी पेठही तीच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण येते ते धोक्याची सूचना म्हणून: तिथे पोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पैठण आणि तेरचा मालही गाड्यांतून, आडवाटांनी भडोचलाच जाई. तिथे उतरणाऱ्या मालात इटलीची द्राक्षदारू असे. (आज आमच्या तालुक्याची द्राक्षे उलट दिशेने युरोपला जातात.)

अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती पाठशाळेचा प्रमुख पँटिनस ‘इंडिया’त गेला आणि बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे सापडले, असे युसेबियस सांगतो. हे कल्याणच, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. मला ते पटत नाही. जुने लेखक अरबस्तानच्या दक्षिण भागालाही ‘इंडिया’ म्हणून जात; एवढ्या सैल शब्दावर प्रेषिताला कल्याणच्या खाडीत उतरवता येत नाही.

कॉस्मसचे तसे नाही. सहाव्या शतकाच्या मध्यावर लिहिणारा हा व्यापारी पृथ्वी सपाट आहे असे हट्टाने सांगतो, आणि तेही ज्या शहरात एराटोस्थेनिसने आठशे वर्षांपूर्वी तिचा परीघ मोजला होता तिथे बसून! मात्र बंदरे आणि माल यांबाबत तो जाणकार आहे. ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप आहे, असे तो लिहितो. हे उडुपीजवळचे कल्याणपूर, असाही एक पक्ष आहे. पण कॉस्मसने पश्चिम किनाऱ्यावरच्या पेठा ओळीने दिल्या आहेत: आधी सिंधू, मग ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची पाच बंदरे. ओर्होथा सौराष्ट्राकडचे आणि सिबोर म्हणजे चौल धरले जाते. या दोहोंमध्ये आपलेच कल्याण बसते. कल्याणपूर चौलच्या खूप दक्षिणेला राहते.

बिशप होता म्हणजे पाळक होते, कुटुंबे होती. चार खलाशांसाठी कोणी बिशप नेमत नाही. आणि नेमणूक इराणची, अलेक्झांड्रियाची नव्हे. म्हणजे बातमी ग्रीकांनी टिपली, पण धर्म आला तो इराणी आखातातून. कल्याणच्या त्या मंडळींची उपासना बहुधा सिरियाक भाषेत चालत असणार.