फिरंगी, फरासीस आणि मुसा

नांदेडच्या घाटाखालून गेलेली गोदावरी समुद्राजवळ पोहोचते तेव्हा तिला फाटे फुटलेले असतात, आणि गौतमी नावाच्या फाट्यावर यानम हे गाव आहे. चहूकडे आंध्र प्रदेश, मध्ये हा लहानसा तुकडा पुदुच्चेरीच्या केंद्रशासित प्रदेशात मोडणारा. फ्रेंचांनी इथे १७२३ मध्ये पाय ठेवला, मध्यंतरी वखार सोडली, १७३१ मध्ये परत आले आणि इंग्रजांनी अधूनमधून घेतलेला ताबा वगळता १९५४ च्या जूनपर्यंत राहिले. नांदेडहून तिथे गेलेल्या माणसाला नदी घरचीच असते. मला मात्र त्या किनाऱ्यावर फिरताना सारखे एक कोडे छळत राहिले: ‘फ्रेंच’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या पाठीवर बसून आला, हे उघड आहे. मग त्याआधी आपले लोक या मंडळींना काय म्हणत असावेत?

गावाच्या नावापासून सुरुवात करू. ‘यानम’ दिसले की संस्कृत ‘यान’ आठवते. नदीकाठचे बंदर आणि नौकावाचक शब्द अशी जोडी सहज जुळते. पण इतक्या सहज जुळणाऱ्या जोड्यांवर विश्वास ठेवू नये. अधिक बोलके आहे ते फ्रेंचांनी कागदावर उतरवलेले रूप, ‘यानाओं’. मूळच्या ‘म’कारान्त नावाला असे सानुनासिक शेपूट कुठून आले? दमणला पोर्तुगीज ‘दमांव’सारखे काहीतरी म्हणत. देशी नावाच्या शेवटी ‘म’ किंवा ‘ण’ ऐकू आला की त्याला नाकात नेण्याची त्यांची खोड होती. फ्रेंचांनी हे नाव तेलुगू कोळ्यांच्या तोंडून न घेता आधीच्या पोर्तुगीज खलाशांकडून उचललेले असावे, असे त्यावरून वाटते.

पोर्तुगीज आधी, फ्रेंच मागाहून. हा क्रम ध्यानात ठेवायचा, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

मराठ्यांच्या जुन्या कागदांत फ्रेंचांना ‘फरासीस’ किंवा ‘फराशीस’ म्हटलेले आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ‘टोपीकर’ या एका सदरात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, डिंगमार यांच्या रांगेत फरासीसही बसले आहेत. वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, आणि फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. वसई आणि गोव्याच्या बाजूचा त्यांचा मुलूख तो ‘फिरंगाण’.

आता ‘फिरंगी’ उलगडून पाहा. आजच्या फ्रान्समध्ये जी जर्मानिक टोळी स्थिरावली ती फ्रँक. देशाला नाव तिचेच. अरबांना पश्चिमेचे लोक ठाऊक झाले ते मुख्यतः याच नावाने. धर्मयुद्धांच्या काळात तर येणारा प्रत्येक शिलेदार, मग तो कुठल्याही राजाचा असो, त्यांच्या लेखी फ्रँकच. अरबीला शब्दारंभी जोडाक्षर चालत नाही, म्हणून ते झाले ‘इफ्रंज’. आपल्याकडे स्टेशनचे ‘इस्टेशन’ होते त्याच चालीचा हा प्रकार. अरबीने गमावलेला ‘ग’ फारसीत ‘फरंग’ या रूपात शाबूत दिसतो. मराठीत ‘ग’ आहे, तेव्हा शब्द आपल्याकडे फारसीच्या दारातून आला हे नक्की. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या पोर्तुगिजांना हे तयार नाव चिकटले. १६६८ मध्ये सुरतेला फ्रेंचांनी वखार घातली तोवर त्यांच्या पूर्वजांचे नाव दुसऱ्यांनी दीडशेहून अधिक वर्षे वापरून घेतले होते. खरे फिरंगी आले, आणि फिरंगी म्हणवून घेण्याची जागाच उरली नव्हती!

हा शब्द पुढे किती ठिकाणी रुजला ते पाहण्यासारखे आहे. भावमिश्राच्या भावप्रकाशात तो ‘फिरंग’ रोग होऊन संस्कृतात शिरला. तमिळमध्ये त्याचे ‘परंगी’ झाले. पुदुच्चेरीच्या दक्षिणेला परंगीपेट्टै हे गाव आहे आणि तमिळ घरात भोपळ्याला ‘परंगीकाय’ म्हणतात. मराठवाड्याच्या पडीक रानात पिवळ्या फुलांचा, काटेरी पानांचा जो धोत्रा माजतो त्याला ‘फिरंगी धोत्रा’ असे नाव आहे, आणि ते झाड खरोखरच अमेरिकेतून आलेले आहे. बाहेरून आलेल्या पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. गंमत अशी की फ्रँक या टोळीनावाच्या मुळाशी भाल्याच्या एका प्रकाराचे नाव असावे असे काही युरोपीय भाषापंडित मानतात. एका टोकाला भाला, दुसऱ्या टोकाला तलवार. संबंध बहुधा योगायोगाचा, पण सोडवत नाही.

मग ‘फरासीस’ कुठून आला? पहिला तर्क असा की इंग्रज आणि वलंदेज जसे पोर्तुगिजांच्या तोंडून आले, तसाच हाही. पोर्तुगीज भाषेत इंग्रजाला ‘इंग्लेज’, डचाला ‘ओलांदेज’, फ्रेंचाला ‘फ्रांसेज’ अशी एकाच साच्यातली रूपे आहेत. पण इथेच अडते. पहिल्या दोघांचा शेवट मराठीत ‘ज’ने झाला, तिसऱ्याचा ‘स’ने किंवा ‘श’ने. एकाच गाडीतून तिघे उतरले असते तर आपण आज ‘फरांसेज’ म्हणत असतो. उलट फारसी आणि दख्खनी दरबारांत ‘फरान्सीस’ हे रूप रूढ होते. त्यातला अनुस्वार गळाला की ‘फरासीस’ हाती येतो. सुरतेच्या फ्रेंचांना परवाना औरंगजेबाच्या दरबारातून मिळाला आणि तो अर्थातच फारसीत होता. माझा कौल म्हणून असा: इंग्रज आणि वलंदेज कोकणपट्टीने आले, फरासीस दरबारी कागदावरून आला. (पुण्याचा फरासखाना मात्र यात ओढू नये. तो अरबी ‘फर्राश’चा, म्हणजे बिछायत अंथरणाऱ्याचा. आपली घरातली फरशी त्याच धातूतली.)

पुदुच्चेरीच्या नावाचेही मराठीने काही केलेच. मूळ तमिळ ‘पुदु’ म्हणजे नवे आणि ‘चेरी’ म्हणजे वस्ती. मराठी कागदांत त्याचे ‘फुलचरी’ झाले. नव्याचा अर्थ कळेना, फूल मात्र कळले! फ्रेंचांच्या ‘पाँदिशेरी’त ‘न’ घुसला तो ‘ऊ’ दाखवणारे रोमन अक्षर ‘न’सारखे वाचले गेल्याने, असे सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. या फुलचरीशी मराठ्यांचा संबंध नुसता ऐकीव नव्हता. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले तेव्हा तिथल्या फ्रांस्वा मार्तां या प्रमुखाने त्यांच्याकडे वकील पाठवून अभय मागितले होते. लातूरकरांनी ‘चेरी’कडे परके म्हणून पाहू नये. राष्ट्रकूटांच्या बिरुदात येणारे ‘लत्तलूर’ तेच आजचे लातूर, आणि त्यातला ‘ऊर’ हाही द्राविडी वस्तीवाचकच. ऊर मोठे, चेरी धाकटी, घराणे एकच.

हे सगळे किनाऱ्याचे झाले. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मराठवाड्यात फरासिसांची सावली कशी पडली? ती पडली बुसीमुळे. निजाम सलाबतजंगाला गादीवर टेकू देत हा फ्रेंच सेनानी १७५१ मध्ये औरंगाबादेत आला आणि १७५८ पर्यंत दख्खनच्या राजकारणात पाय रोवून होता. फौजेच्या खर्चासाठी १७५३ मध्ये उत्तर सरकार म्हणून ओळखला जाणारा पूर्व किनाऱ्याचा पट्टा त्याला मिळाला. गोदावरीच्या मुखाचा मुलूख असा गोदावरीच्याच वरच्या खोऱ्यात बसून दिला गेला. मराठी कागद त्याला ‘मुसा बुसी’ म्हणतात. हा ‘मुसा’ म्हणजे ‘मस्यो’, फ्रेंच भाषेतले ‘महाशय’. परका आदरार्थी शब्द कानाला ओळखीच्या पैगंबराच्या नावासारखा लागला आणि तसाच रुळला. हैदराबादेचे मूसारामबाग तसेच. निजामाच्या पदरी असलेल्या आणि खर्ड्याला मराठ्यांविरुद्ध लढलेल्या रेमाँ या फ्रेंच सरदाराला कोणी मूसा रहीम म्हणे, कोणी मूसा राम. मुसी नदीशी याचा काही संबंध नाही.

बुसीने कवायत शिकवलेल्या पायदळाने मराठीला ‘गारदी’ दिला. फ्रेंच ‘गार्द’, म्हणजे पहारा किंवा पहारेकरी, हे त्याचे मूळ असावे. पोर्तुगीज ‘ग्वार्द’ही दावेदार आहे. पण शब्द वापरात चढतो तो बुसीच्या फौजेच्या काळात, म्हणून मी फ्रेंचांच्या बाजूने मत देईन. या गारद्यांपैकी सर्वांत नाव झाले ते इब्राहिमखानाचे. निजामाकडून तो पेशव्यांकडे आला तो उदगीरच्या मोहिमेच्या सुमारास. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते लातूर जिल्ह्यातल्या याच उदगीर-औसा टापूत. पुढच्या जानेवारीत भाऊ आणि इब्राहिमखान दोघेही पानिपतात संपले. १७७३ मध्ये गारद्यांच्या हातून नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर ‘गारदी’ला मराठी कानात काळा अर्थ लागला तो आजतागायत.

या शब्दाभोवती दोन तोतये फिरतात. ‘गर्दी’ हा गारद्यांचा नव्हे. तो फारसी ‘गर्दीदन’ म्हणजे फिरणे यातून आलेला, आणि नादिरगर्दी, भाऊगर्दी यांत उलथापालथीचा अर्थ धरून बसलेला. भाऊगर्दीतले भाऊ मात्र उदगीर जिंकणारे तेच. आणि ‘शत्रू गारद झाला’ यातला गारद पहाऱ्याचा नसून अरबी-फारसी ‘गारत’ म्हणजे लूट, नाश यातला दिसतो. चोपदार देतो ती गारद आणि शत्रू होतो तो गारद, दोघांचे कूळ वेगळे.

फरासीसचे कोडे मात्र माझ्या तर्काने पुरते मिटत नाही, ते मिटवायला कागदच हवा. नांदेड, कंधार, उदगीर, औसा भागात देशमुख-देशपांड्यांच्या घरी मोडी रुमाल आजही आहेत. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी त्यात हा शब्द सापडल्यास कागदाची तारीख आणि शब्दाचे शेवटचे अक्षर, स, श की ज, एवढे दोन तपशील अवश्य टिपून ठेवावेत.