परत आलेला शोधनिबंध

१४ जून १९३७ ह्या तारखेच्या एका पत्राचा मजकूर मी नव्या संशोधक विद्यार्थ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगत आले. 'नेचर' ह्या लंडनच्या साप्ताहिकाकडून ते शेफील्ड विद्यापीठात हान्स क्रेब्ज यांना गेलं होतं. मजकूर साधा आहे. पुढचे सात-आठ आठवडे पुरतील एवढी पत्रं संपादकांकडे आधीच पडून आहेत, तेव्हा तूर्त नवीन घेणं बरं नाही. उशीर चालणार असेल तर गर्दी ओसरेपर्यंत ठेवून घेऊ. मात्र दुसरीकडे द्यायचं असेल तर म्हणून हे सोबत परत करत आहोत. परत आलेल्या त्या कागदांत सायट्रिक आम्लाचं चक्र होतं. आज बारावीची मुलं जे 'क्रेब्ज सायकल' म्हणून पाठ करतात, तेच.

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून ह्या निबंधात नेमकं काय होतं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. क्रेब्ज आणि त्यांचा विद्यार्थी विल्यम जॉन्सन कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक करून घेत. उडण्यासाठी राबणारा हा स्नायू प्राणवायू भराभर वापरतो आणि बारीक केल्यावरही काही काळ ते काम चालू ठेवतो. त्यात थोडंसं सायट्रेट घातलं की प्राणवायूचा खप वाढे, आणि तोही घातलेलं सगळं सायट्रेट जाळायला जेवढा लागेल त्याहून जास्त. म्हणजे सायट्रेट नुसतं जळून संपत नव्हतं, ते पुन्हा तयार होत होतं. मॅलोनेट घालून वाट अडवली की सक्सिनेट साठत जाई. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट दिलं की सायट्रेट बने. एकेक कडी अशी हाताला लागली आणि साखळीची दोन टोकं जुळली. अन्नातून ऊर्जा कशी निघते ह्या प्रश्नाचं इतकं देखणं उत्तर त्याआधी कुणाला सापडलं नव्हतं.

क्रेब्ज यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. हॉलंडमधून नुकतंच निघू लागलेलं 'एन्झायमॉलॉजिया' नावाचं नियतकालिक होतं. तिकडे त्यांनी सविस्तर निबंध पाठवला आणि त्याच वर्षी तो छापून आला. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. पन्नासावर निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर नकाराचा हा पहिलाच अनुभव होता, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे.

नोबेलचा भाग ऐकला की मुलं खूश होतात. मला मात्र तो तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. परत आलेल्या बहुतेक निबंधांना नोबेल मिळत नाही, मिळायचं कारणही नाही. मुलांनी बघावं ते हे, की संपादकांच्या पत्रात शास्त्राबद्दल अवाक्षर नव्हतं. जागा नव्हती, एवढंच. आणि क्रेब्ज यांना ते तसंच वाचता आलं. खरा नकार काय असतो हे त्यांनी चारच वर्षांपूर्वी भोगलं होतं. एप्रिल १९३३मध्ये, ज्यू म्हणून, फ्रायबुर्गच्या विद्यापीठाने त्यांना कामावरून काढलं. आदल्याच वर्षी त्यांनी युरिया कसा बनतो ते उलगडून दाखवलं होतं, तरी काढलं. केंब्रिजच्या फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं, आणि तिथूनच ते १९३५मध्ये शेफील्डला गेले. हॉपकिन्स यांची ही प्रयोगशाळा ध्यानात ठेवा. तिच्या दारात आपल्या ओळखीचं एक माणूस पुढे उभं राहणार आहे.

निबंध तज्ज्ञांना दाखवून मगच छापायचा ही चाल आपण समजतो तेवढी जुनी नाही. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढलं तेव्हा निवड तेच करत. लेखी परीक्षणाची पद्धत त्या सोसायटीत १८३०नंतरच्या दशकात रुळली. सुरुवातीच्या एका निबंधावर, खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या, विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक हे दोघे परीक्षक नेमले गेले. एकाला निबंधाचं मोठेपण सांगायचं होतं, दुसऱ्याला त्यातल्या उणिवा. त्यांचं एकमत होईना. म्हणजे आमच्या मुलांना जे वाटतं, की एक रिव्ह्यूअर वाहवा करतो आणि दुसरा धुऊन काढतो, हे आपल्याच नशिबी का, ते ह्या प्रथेच्या जन्मापासूनचं आहे. 'नेचर'ने तर प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम १९७३मध्ये केला. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३चा निबंध परीक्षकांकडे गेलाच नव्हता.

हा इतिहास मी सांगते तो परीक्षकांना कमी लेखण्यासाठी नाही. १९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाला दाखवला आणि आक्षेपांसह परत केला. आइन्स्टाइन संतापले. छापण्याआधी कुणाला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती, असं कळवून त्यांनी निबंध मागे घेतला. पण परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांचं म्हणणं बरोबर होतं. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक इन्फेल्ड यांना चूक कुठे आहे ते समजावलं, आणि १९३७मध्ये 'जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट'मध्ये निबंध आला तो निष्कर्ष बदलूनच. राग आला म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. आइन्स्टाइन यांच्या बाबतीतही ठरला नाही.

माझी एक विद्यार्थिनी वालातल्या ट्रिप्सिन इन्हिबिटरवर काम करत होती. वालात एक प्रथिन असतं, ते पोटात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनचं काम अडवतं. वाल नीट शिजवावे लागतात त्याचं हे एक कारण. तिचा पहिला पेपर रिजेक्ट होऊन आला. रिव्ह्यूअरची भाषा कडक होती. ती प्रिंट घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मी विषयच बदलते." आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो. इंग्रजीबद्दलची शेरेबाजी एका खुणेची. 'हा विषय आमच्या वाचकांसाठी नाही' हे दुसऱ्या खुणेचं. त्याचं उत्तर दुसरं नियतकालिक. उरलं एकच वाक्य. वालाच्या टरफलातलं टॅनिनही ट्रिप्सिनला अडवू शकतं, तुम्ही टरफल काढून पाहिलंत का?

तिने अख्ख्या वालांचं पीठ वापरलं होतं. त्या एका वाक्याला मी तांबड्या पेन्सिलीने चौकट केली. मग तिने वाल रात्रभर भिजवले, मोड येऊ न देता बिरड्यासाठी सोलतात तसे सोलले, आणि डाळिंब्यांचा अर्क वेगळा, टरफलांचा वेगळा केला. ह्या तपासणीत ट्रिप्सिन जेवढं काम करेल तेवढा नळीत पिवळा रंग येतो. डाळिंब्यांच्या नळ्या जवळजवळ पांढऱ्या राहिल्या. टरफलांच्या नळ्या पिवळ्या झाल्या खऱ्या, पण नुसत्या ट्रिप्सिनच्या नळीइतक्या नाही. म्हणजे दावा टिकला, तरी रिव्ह्यूअरची शंका अगदीच निराधार नव्हती. पेपर त्या दोन ओळींच्या तक्त्यासह दुसरीकडे गेला आणि पहिल्यापेक्षा चांगला होऊन छापला गेला.

वालातल्या ह्या इन्हिबिटरवर मुंबईत ज्यांनी पायाभूत काम केलं त्या कमला सोहोनी. १९५५मध्ये वाल आणि डबल बीनमधल्या स्फटिकरूप ट्रिप्सिन इन्हिबिटरवरचा अंबे यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. पण त्यांना मिळालेला पहिला नकार जागेचाही नव्हता आणि शास्त्राचाही. माहेरच्या त्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या बहीण. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्या आणि वडील व काका जिथे शिकले त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती.

ह्या नकारात सुधारण्याजोगं काही नव्हतं. वालाची टरफलं काढून तो सुटला नसता. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभं राहून त्यांनी कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परिवीक्षेचं, रामन यांचं समाधान होईपर्यंत काम अधिकृत धरायचं नाही, आणि त्यांच्या असण्याने पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान होता, आणि तो त्यांना म्हातारपणीही विसरता आला नाही. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनाने संकुचित, असं त्या पुढे उघड बोलल्या. त्या वेळी मात्र त्यांनी अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर असं काम केलं की वर्षाअखेर अडवायला कारण उरलं नाही. त्यानंतर मुलींसाठी ते दार उघडलं.

१९३७मध्ये त्या केंब्रिजला पोचल्या, हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेत. तिथे जागा नव्हती. डेरेक रिक्टर यांनी दिवसा वापरायला आपलं टेबल त्यांना देऊ केलं. मग रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींमधल्या सायटोक्रोमवर काम केलं. पीएचडीचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. हिल आणि भागवत यांचं टिपण १९३९मध्ये छापलं ते 'नेचर'नेच, क्रेब्ज यांना परत पाठवल्यानंतर दोन वर्षांनी.

त्या टेबलाचा विचार मी पुष्कळदा करते. नकार पचवण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळा भार ज्याला नकार मिळाला त्याच्यावर टाकतो: खंबीर हो, सकारात्मक रहा. पण क्रेब्ज यांना हॉपकिन्स भेटले, कमलाबाईंना रिक्टर. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांचा निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला नाही, तेव्हा ४ जून १९२४ला त्यांनी तो थेट आइन्स्टाइनना पाठवला, आणि आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापून आणला. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना असं कुणी फार काळ भेटलं नाही. ते आपल्या संख्यांच्या पुस्तिका पदरमोड करून छापत राहिले. १९७५मध्ये गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते आणि ६१७४ हा त्यांचा स्थिरांक मद्रासच्या परिषदेत मांडून पाव शतक उलटलं होतं. त्यांची चिकाटी मला वंद्य आहे. पण तेवढी चिकाटी लागावी ही आपल्या गणित विभागांना शोभणारी गोष्ट नाही.

म्हणून माझं मागणं विद्यार्थ्यांकडे थोडं आणि मार्गदर्शकांकडे जास्त आहे. महिन्यातून एक दुपार अशी ठेवा की विभागात ज्याचा पेपर परत आला असेल त्याने तो आणि परीक्षण दोन्ही टेबलावर मांडावं, आणि बाकीच्यांनी पेन्सिल घेऊन बसावं. पहिल्या बैठकीत विद्यार्थ्याचा पेपर घेऊ नका. तुमचा स्वतःचा, परत आलेला, घ्या.