सरासरीला न जुमानणारे भाव

कापसाचा भाव कसा उसळतो आणि कसा कोसळतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडचा भाव आकाशाला भिडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव गडगडले, आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या. आता प्रश्न असा, की अशा उड्यांचा हिशेब गणिताला मांडता येतो काय?

पूर्वीच्या गणितींनी एक सोपी वाट शोधली होती. १८०५ साली फ्रान्समध्ये लजांद्रने ‘लघुतम वर्गां’ची रीत छापली, १८०९ साली जर्मनीत गाउसने तिला घंटेच्या आकाराच्या वक्राची जोड दिली. चुकांचे वर्ग करा, बेरीज कमीत कमी ठेवा. रीत सुटसुटीत खरी, पण वर्ग केला म्हणजे मोठी चूक फारच मोठी होते. पाच दर घ्या: ४०, ४१, ४२, ४३ आणि ४००. सरासरी येते ११३ च्या वर, आणि त्या दराला कोणीच माल विकलेला नाही! उलट चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर तो ४२. गंमत अशी, की वर्ग न करता नुसती अंतरे मोजण्याची कल्पना बॉस्कोविचने १७५७ सालीच, पृथ्वीच्या आकाराचा विचार करताना, मांडली होती. पण हिशेबाला ती अवघड, म्हणून मागे पडली.

मग आला बेनुआ मँडेलब्रॉट. त्याने कापसाचे जुने भाव तपासले आणि १८६३ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ साली आपला निष्कर्ष छापला. घंटेचा वक्र म्हणतो, नेहमीच्या चढउताराच्या पाचपट उडी, वर्षाला अडीचशे बाजारदिवस धरले तर, सुमारे सात हजार वर्षांतून एकदा यावी. बाजारात ती एका माणसाच्या हयातीत अनेकदा येते! वक्राची शेपटी बारीक नसून जाड आहे, असे त्याने दाखवले. त्याचे सगळेच म्हणणे पुढे टिकले नाही. जाड शेपटी मात्र टिकली.

१९६४ साली पीटर ह्यूबरने मधला मार्ग काढला. लहान चुकांचा वर्ग करावा, मोठ्या चुकांचे नुसते अंतर घ्यावे. एखाद्या विक्षिप्त आकड्याने सगळा हिशेब उधळू नये, अशा रीतीला काटक रीत म्हणू या.

पण भावांचे आणखी एक लक्षण आहे. खळबळीच्या दिवसामागून खळबळीचाच दिवस येतो, शांततेमागून शांतता. १९८२ साली रॉबर्ट एंगलने हे सूत्रात बसवले. २००३ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे सूत्र सरळ रेषेचे नव्हे. त्यातच शेपटी फार जाड असली, तर नेहमीच्या रीतीने काढलेल्या उत्तराची खात्री किती, हेच सांगता येईनासे होते. पीटर हॉल आणि छीवेई याओ यांनी २००३ साली ही अडचण उलगडून दाखवली. त्याच वर्षी लिआंग पेंग आणि याओ यांनी तोडगा सुचवला, आणि तो काय होता? वर्गांऐवजी अंतरे! बॉस्कोविचची अडगळीत पडलेली कल्पना संगणकाच्या जोरावर अडीचशे वर्षांनी अशी कामाला आली.

शिक्षकमित्रहो, येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. काटक रीत म्हणजे नकोसा आकडा खोडणे नव्हे. चारशेचा आकडा लिहिणाऱ्याची चूक असेल, तर तो दुरुस्त करावा. पण तो खरोखरीचा भाव असेल, तर तोच कोणाचे तरी घर बसवतो किंवा उठवतो. त्याच्यामुळे रोजच्या व्यवहाराचा अंदाज बिघडू द्यायचा नाही, आणि तो येणारच नाही असे समजून कर्जही काढायचे नाही. वर्गात सरासरी शिकवाल तेव्हा शेजारी मध्यकही काढून दाखवा. आणि दोहोंत फार अंतर पडले, तर ते का पडले, हे मुलांनाच शोधू द्या.