हुज्जत, तकरार आणि कज्जा

शेलूबाजारसारख्या बाजाराच्या गावी दोन शेजारी धुऱ्यावरून जुंपले, की लोक काय म्हणतात? एक म्हणतो, "त्यांची बाचाबाची झाली." दुसरा म्हणतो, "उगाच हुज्जत घालतात." एखादा वडीलधारा मध्ये पडून सांगतो, "कायले कज्जा वाढवता बाप्पा!"

हे शब्द कुठले, ते आज पाहू. हुज्जत हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पुरावा, प्रमाण. तकरारही अरबीच, तिचा अर्थ तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. कज्जा म्हणजे निवाड्यासाठी आलेलं प्रकरण. निवाडा करणारा काजी आणि हा कज्जा, दोघांचं मूळ एकच!

1347 साली दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे वऱ्हाडात इमादशाही आली, मग मोगल आणि निजाम आले. दरबारची भाषा फारसी. तिच्या वाटेने हे शब्द मराठीत शिरले. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण हुज्जत अन् कज्जा लोकांच्या तोंडी पक्के बसले, ते आजतागायत.

मात्र बसताना अर्थ घसरला. पुराव्याचा शब्द वितंडवादाचा झाला. असं का व्हावं? दोघेही आपापला पुरावा सांगत सुटले आणि ऐकणारा कोणीच नसला, तर दुसरं काय होणार? जुन्या काळी गोतसभा बसे. पाटील, वतनदार, बलुतेदार दोन्हीकडचं ऐकून घेत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचाही हेतू हाच, की गावचा तंटा गावातच सामोपचाराने मिटावा.

गुरुजींना एक विनंती. मुलांना घरोघरचे असे शब्द गोळा करायला सांगा आणि फळ्यावर चढत्या क्रमाने लिहा: कुरबुर, धुसफूस, बाचाबाची, हमरीतुमरी, तंटा, कज्जा. मग मुलांनाच विचारा, भांडण यातल्या कोणत्या पायरीवर थांबवणं सोपं? पोरं बरोबर उत्तर देतील. आपणही ते ध्यानात ठेवू. धुऱ्याची कुरबुर बांधावर बसून मिटते. तिचा कज्जा झाला, की पेरणीचे दिवस तालुक्याच्या कचेरीत जातात.